एकशे त्रेचाळीस बाळांना तपासणीस बोलावण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय आरोग्य अधिकारी,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : प्रसूती रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आयेला क्षयरोग असल्याचे निदान होऊन चार महिने होत आले तरी तिने हाताळलेली बाळे तपासणीसाठी न बोलावल्याबाबत.

संदर्भ :
१) क्षयरोग दवाखान्याच्या डॉक्टरांचे रुग्णालयास पत्र, दि. ९ फेब्रुवारी.
२) रुग्णालयाचे उत्तर, दि. १५ मार्च.
३) रुग्णालयाचे ज्ञापन, दि. २ एप्रिल.
४) कारणे दाखवा नोटीस, दि. २४ एप्रिल.
५) अर्जदाराची स्मरणपत्रे, एकूण सात, पैकी पोच मिळालेली दोन.

महोदय किंवा महोदया (दारावरच्या पाटीवर फक्त हुद्दा आहे, त्यामुळे क्षमा असावी),

१. अर्जदार ही रुग्णालयाच्या नवजात कक्षात चौदा वर्षे आया आहे. कक्षात सगळे तिला मावशी म्हणतात. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले असल्याने हा अर्ज तिच्या सांगण्यावरून तिची भावजय लिहून देत आहे. भावजयीने एका कंपनीत एकोणीस वर्षे टंकलेखन केले असल्यामुळे तिला सरकारी भाषा येते, असा घरात समज आहे. अर्जदार रागाच्या भरात जे बोलली त्यातले बरेचसे गाळले आहे. जे राहिले ते तिने गाळू दिले नाही.

२. नवजात कक्षात बारा पाळणे आहेत. दोन वर्षांपूर्वी थंड हवेचे यंत्र बसवले तेव्हा खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. भिंतीत वर एक हवा बाहेर फेकणारा पंखा होता, त्यातून वारा उलटा आत येतो म्हणून त्याच्यावर पुठ्ठा चिकटवला, तो अजून तसाच आहे. म्हणजे कक्षात जी हवा सकाळी असते तीच संध्याकाळी असते. अर्जदाराचे काम बाळांचे कपडे बदलणे, वजन करणे, दूध पाजण्यासाठी आईकडे नेणे-आणणे, आणि दूध प्यायलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत ढेकर काढणे. या शेवटच्या कामाला पाच मिनिटे लागतात, कधी दहा. तेवढा वेळ बाळाचे तोंड अर्जदाराच्या गळ्याशी असते. हे मुद्दाम लिहिले आहे, कारण पुढे सगळा प्रश्न या दहा मिनिटांचा आहे.

३. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अर्जदारास खोकला सुरू झाला. पंधरा दिवसांनी तिने थोरल्या सिस्टरना, म्हणजे कक्षाच्या मुख्य परिचारिकेला, सांगितले की मला बाळांपासून दूर कुठेतरी काम द्या. थोरल्या सिस्टरवर अर्जदाराचा राग नाही. त्या महिन्यात दोन आया काम सोडून गेल्या होत्या आणि सिस्टर स्वतः लंगोट बदलत होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही गेलात तर या बारा जणांना मी एकटी कशी बघू? मास्क लावा, गरम पाणी प्या." अर्जदाराने मास्क लावला. तोही रोज नवा मिळत नसे. एकच धुऊन धुऊन वापरला, तो शेवटी गाळणीसारखा झाला.

४. कर्मचाऱ्यांची तपासणी खोली अकरा ते बारा उघडी असते. बाळांना दूध पाजण्याची वेळही अकरा ते बारा. तरी अर्जदार तीनदा गेली. तिन्ही वेळा खोकल्याचे औषध मिळाले, एकाच रंगाचे. तिसऱ्या वेळी तिने छातीचा फोटो काढायला सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की त्यासाठी कक्षाचा अर्ज नमुना लागतो. नमुना संपला होता. छापायला गेला होता. हा अर्ज लिहीपर्यंत तो छापून आल्याचे ऐकिवात नाही.

५. दि. ६ फेब्रुवारी रोजी कक्षाच्या मोरीत तोंड धुताना अर्जदाराच्या थुंकीतून रक्त पडले. तिने पाणी सोडून मोरी धुतली, हातातले दुपटे टोपलीत टाकले आणि सिस्टरना न सांगता घरी आली. दुसऱ्या दिवशी भावजय तिला हाताला धरून क्षयरोग दवाखान्यात घेऊन गेली. तेथील डॉक्टर वयाने लहान आहेत, अर्जदाराच्या मुलीएवढ्या. त्यांनी थुंकी तपासली, फोटो काढला, आणि समोर बसवून सांगितले की टीबी आहे, बरा होतो, सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. मग कागद भरताना विचारले, "काम काय करता?"

अर्जदाराने सांगितले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "किती दिवस खोकताय, अगदी पहिल्या दिवसापासून सांगा. आणि त्यातला एकही दिवस कमी करू नका."

६. त्या डॉक्टरांनी जे समजावले ते अर्जदाराला जसे समजले तसे लिहीत आहे. मोठ्या माणसाच्या अंगात हा रोग वर्षानुवर्षे झोपून राहू शकतो. नवजात बाळाच्या अंगात त्याला अडवायला कोणी नसते. तो थोड्या आठवड्यांत किंवा महिन्यांत उठतो, आणि फुप्फुसातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बाळ खोकून दाखवत नाही. ते फक्त वाढायचे थांबते, किरकिर करते, अंग कोमट राहते, आणि घरचे म्हणतात दात येत असतील. मात्र बाळ वेळेत तपासले तर ज्याला लागण झाली आहे त्याला आजार होण्याआधीच औषध देता येते, आणि ज्याला आजार झाला आहे ते बरे होते. वेळेत. हा शब्द डॉक्टरांनी दोनदा म्हटला.

अर्जदार त्यानंतर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भावजय तिला म्हणाली, "उपास करून कोणाचं बाळ बरं होणार आहे? गोळ्या उपाशीपोटी सोसत नाहीत." नणंद-भावजयीचे सख्य विळ्या-भोपळ्याचे आहे हे सगळ्या नात्याला माहीत आहे. तरी त्या दिवशी अर्जदार निमूटपणे ताटावर बसली.

७. डॉक्टरांनी दि. ९ फेब्रुवारीचे पत्र दिले. ऑक्टोबरपासून कक्षात आलेल्या प्रत्येक बाळाला बोलवा, असे त्यात स्पष्ट आहे. डॉक्टरांनी ते रुग्णालयाकडे पाठवले, आणि मध्येच अडकू नये म्हणून अर्जदारही एक प्रत घेऊन स्वतः गेली. आवक शाखेने सांगितले की हा वैद्यकीय विषय आहे, नवजात कक्षाकडे द्या. कक्षाने सांगितले की मावशींना आत घेता येणार नाही, पत्र आस्थापना शाखेत द्या. आस्थापनेने सांगितले की बाळे हे कर्मचारी नाहीत, बाळांचे पत्ते नोंदणी शाखेत असतात. नोंदणी शाखेने सांगितले की पत्ते गोपनीय आहेत, आवक शाखेतून या. अर्जदार पुन्हा त्याच खिडकीसमोर उभी राहिली. खिडकीतल्या लेखनिकाने तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहिले.

या फेऱ्यांत सव्वा महिना गेला. सव्वा महिन्यात बाळ आईकडे बघून हसू लागते.

८. दि. १५ मार्चचे उत्तर जसेच्या तसे देत आहे : "कर्मचारी आरोग्य तपासणी नोंदवहीनुसार सदर कर्मचारी गेली तीन वर्षे निरोगी असल्याने तिच्यापासून संसर्ग होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तसेच सर्व बाळांना जन्मतः लस दिलेली आहे."

अर्जदाराने ती नोंदवही पाहण्याची विनंती केली आणि आस्थापनेतला एक भला माणूस ती टेबलावर तिच्याकडे फिरवून, उघडी ठेवून चहाला गेला. अर्जदाराची तपासणी ज्या तारखेला झाल्याची नोंद आहे त्या दिवशी ती आईच्या अंत्यविधीला गेली होती. तिच्या रजेचा अर्ज त्याच शाखेत, त्याच कपाटात आहे. त्या दिवशी तपासलेल्या एकतीसही कर्मचाऱ्यांचे वजन बावन्न किलो आहे. त्यात अर्जदार आहे, जी तेव्हा त्रेचाळीस किलो होती, आणि स्वयंपाकघरातल्या मुख्य बाई आहेत, ज्यांच्यासाठी वेगळी खुर्ची मागवावी लागली होती. सगळ्यांपुढे एकाच शाईत 'निरोगी' लिहिले आहे. अर्जदाराचा खोकला चार महिने साऱ्या मजल्याने ऐकला. फक्त वहीने ऐकला नाही.

लसीबद्दल दवाखान्यातील डॉक्टर म्हणाल्या की लस ही दाराची कडी आहे. कडी लावली होती म्हणून चोर शिरलाच नसेल असे धरून घरात बघायचेच नाही, हे शहाणपण नव्हे.

९. दि. २ एप्रिलच्या ज्ञापनाबद्दल अर्जदाराला काय म्हणावे ते कळत नाही, म्हणून फक्त मजकूर सांगते. त्यात लिहिले आहे की सदर कर्मचारी नोंदवहीनुसार निरोगी असताना ७ फेब्रुवारीपासून गैरहजर आहे, सबब तिने तीन दिवसांत नवजात कक्षात कामावर हजर व्हावे.

महोदय, ज्या बाईच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले तिला, उपचार पुरे व्हायच्या आत, लेखी हुकूम देऊन, शिक्क्यासह, पुन्हा तान्ह्या बाळांत बोलावले आहे. आणि ज्या बाळांना बोलवा म्हणून ती चार महिने विनवते आहे त्यांना एक पोस्टकार्ड गेलेले नाही. इतकी वर्षे कोणी न विचारलेल्या बाईला बोलवायला टपाल आहे.

ज्ञापन ऐकून अर्जदार हसली. ती हसली म्हणून भावजय रडली. अर्जदार हजर झाली नाही.

१०. रुग्णालयाने तोंडी असेही सांगितले की बाळे नक्की किती हेच माहीत नाही. ही अडचण अर्जदार दूर करू शकते. कक्षातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळामागे एक दुपटे धुलाईच्या वहीत नोंदवले जाते आणि ती नोंद करण्याचे काम अर्जदाराचेच होते. १ ऑक्टोबर ते ६ फेब्रुवारी या काळात दुपटी एकशे त्रेचाळीस आहेत. म्हणजे बाळे एकशे त्रेचाळीस.

११. मार्चअखेर अर्जदार आणि भावजय स्वतःच शोधायला निघाल्या. डॉक्टरांनी तोपर्यंत सांगितले होते की गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला आहे, तरी मास्क लावा, घरात शिरू नका, दारातूनच बोला. बाळाला आईकडे नेता-आणताना बायका मावशींशी बोलतात, कुठे राहतो ते सांगतात. अशी सहा घरे अर्जदाराला आठवली. सहापैकी एका घराला कुलूप होते, माणसे गाव सोडून गेली होती. पाच घरे सापडली.

तिसरे घर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या एका बाईचे. तिचे बाळ नोव्हेंबरच्या विसाव्या दिवशी जन्मले होते, वजन कमी म्हणून बारा दिवस कक्षात होते. त्याला कक्षात सगळे 'साहेब' म्हणत, कारण दूध पिताना ते कपाळाला आठ्या घालून अशा नजरेने बघे की आता कोणाचा तरी अर्ज फेटाळणार. (हे एका अधिकाऱ्यांना लिहिणे बरे दिसत नाही असे भावजयीने सुचवले. अर्जदार म्हणाली, "खरं आहे ते लिही.")

इस्त्रीवालीने अर्जदाराला मास्कमधूनही ओळखले. "मावशी, तुम्ही? या ना आत," म्हणून तिने टेबलावरचे कपडे बाजूला केले. अर्जदार उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "आत नाही येत. आधी ऐकून घे." मग तिने सगळे सांगितले. खोकला, रक्त, निदान, आणि बाळाला खांद्यावर घेतल्याचे.

इस्त्रीवालीने हातातली गरम इस्त्री बाजूला उभी केली. मग म्हणाली, "तीन आठवडे ताप आहे त्याला. डॉक्टर म्हणतात दात येतायत. चार महिन्यांच्या पोराला कसले दात?" आणि पुढे, "तुम्हीच घेत होता ना त्याला? माझ्याहून जास्त तुम्हीच घेतलंत. मला वाटायचं, मावशींकडे आहे म्हणजे काळजी नाही."

इस्त्रीवालीने दार लावून घेतले. भावजयीने दवाखान्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दाराखालून आत सरकवली.

१२. इस्त्रीवाली दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन दवाखान्यात गेली. बाळाच्या पोटातले पाणी नळीने काढून तपासले, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. मेंदूपर्यंत गेला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, आणखी महिना गेला असता तर त्या असे खात्रीने सांगू शकल्या नसत्या. उरलेल्या चारांपैकी एका बाळाला लागण झाली आहे पण आजार नाही. त्याला प्रतिबंधक औषध सुरू आहे. तिघे आज ठीक आहेत, त्यांची पुन्हा तपासणी व्हायची आहे.

पाच बाळे पाहिली. एक आजारी, एकाला लागण. एकशे त्रेचाळिसातून पाच गेली, एकशे अडतीस राहिली. पुढचा हिशेब अर्जदार मांडत नाही. तिने एकदा मनात मांडून पाहिला आणि त्यानंतर तिला झोप लागत नाही.

१३. ही दोन्ही बाळे सापडल्याचे अर्जदाराने रुग्णालयास लेखी कळवले. तिला वाटले, आता तरी हालचाल होईल. झाली. दि. २४ एप्रिल रोजी तिला कारणे दाखवा नोटीस आली की तिने रुग्णांच्या गोपनीय माहितीचा वापर करून त्यांच्या घरी जाऊन घबराट पसरवली, सबब तिच्यावर कारवाई का करू नये.

अर्जदाराचा खुलासा असा. होय, ती गेली होती. होय, घबराट पसरली. घबराट पसरली म्हणून एका बाळाचा मेंदू वाचला. नोटिशीत "सदर कर्मचारी क्षयरोगबाधित असताना" असे शब्द आहेत. म्हणजे बाळांना बोलवायचे असते तेव्हा अर्जदार निरोगी, कामावर बोलवायचे असते तेव्हा निरोगी, आणि शिक्षा करायची असते तेव्हा आजारी. या तिन्ही कागदांवर सही एकाच साहेबांची आहे. चित भी मेरी, पट भी मेरी, असा हा खेळ आहे, पण यात नाणे म्हणून बाळे उडवली जात आहेत.

१४. मे महिन्यात एका सकाळी इस्त्रीवाली अर्जदाराच्या घरी आली. तिच्या कडेवर साहेब होते. अर्जदाराची थुंकी एप्रिलमध्येच स्वच्छ आली आहे, तरी ती बाळ पाहून मागे भिंतीपर्यंत सरकली. इस्त्रीवाली म्हणाली, "साडेपाच किलो झाला. तुम्हाला सांगायला आले." मग बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली की मला तुमचा राग आहे, तो जाईल असं वाटत नाही. पण माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, तिला पण मुलगा झाला होता, त्याच आठवड्यात. ती कुठली ते मी विचारलंच नाही. तिच्याकडे कोण जाणार?

अर्जदार सात स्मरणपत्रे देऊन थकली होती. हा अर्ज त्या प्रश्नानंतर लिहायला घेतला. इस्त्रीवालीची सही सह-अर्जदार म्हणून खाली आहे. ती तिने स्वतःहून केली.

१५. तरी विनंती की,

नोंदणी शाखेतील पत्ते काढून प्रत्येक घरी माणूस पाठवावा. पत्र नव्हे, माणूस. पत्रे या कचेऱ्यांत काय होतात हे अर्जदाराने पाहिले आहे.

ज्या घरांचे पत्ते बदलले त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या फाटकावर, लसीकरणाच्या खोलीत आणि बसथांब्यांवर सूचना लावावी.

पंख्यावरचा पुठ्ठा आजच्या आज काढावा. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नसावी, नखाने निघतो.

कक्षात आज जे कोणी काम करत आहेत त्या सगळ्यांची खरी तपासणी करावी. थोरल्या सिस्टर जानेवारीपासून खोकत होत्या.

अर्जदाराने नोकरी मागितलेली नाही. नोटिशीवर जी काय कारवाई करायची ती सावकाश करावी. अर्जदार कुठे जात नाही. बाळे मात्र रोज मोठी होत आहेत, किंवा होत नाहीत.

१६. घबराट होईल, रुग्णालयाचे नाव जाईल, अशी अडचण आपल्यालाही सांगितली जाईल. त्यावर अर्जदाराने बरेच दिवस विचार केला. सूचनेवर रुग्णालयाचे नाव नसले तरी चालेल. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, कोणाचेच नको. बाळंतिणींना रुग्णालयातली नावे लक्षात राहत नाहीत, पण आपले बाळ कोणाच्या हातात दिले होते तो चेहरा कोणतीही आई विसरत नाही. तेव्हा सूचनेवर फक्त अर्जदाराचा फोटो छापावा आणि खाली एवढेच लिहावे : या बाईने तुमच्या बाळाला खांद्यावर घेतले असेल तर बाळाला तपासून घ्या.

भावजयीचे मत याविरुद्ध आहे. फोटो लागला की गल्लीत राहणे कठीण होईल, लोक वाळीत टाकतील, असे ती म्हणाली. अर्जदाराने तिला वाक्य खोडू दिले नाही.

उत्तराची वाट पाहत असलेली,
आपली नम्र,

(सही)
आया, नवजात कक्ष

(सही)
सह-अर्जदार, एका बाळाची आई, इस्त्रीचे काम

लिहून देणार : अर्जदाराची भावजय

दिनांक : २ जून

सोबत :
१) थुंकी तपासणीचे अहवाल, फेब्रुवारी व एप्रिल.
२) डॉक्टरांचे दि. ९ फेब्रुवारीचे पत्र, चौथी प्रत. आधीच्या तीन रुग्णालयात आहेत.
३) रुग्णालयाचे उत्तर, ज्ञापन व नोटीस.
४) दोन बाळांचे उपचाराचे कागद, त्यांच्या मातांच्या संमतीने.
५) अर्जदाराचा फोटो, मास्क न लावलेला, समोरून काढलेला. तीन प्रती. कमी पडल्यास आणखी देता येतील.